चाळीस मिनिटांचं लग्न

१२ नोव्हेंबर, मंगळवार

आज मला काहीही झालेलं नाही. हे सगळ्यात आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या चार ओळी वाचून माझाच गैरसमज व्हायला नको.

भांडुपच्या गॅरेजमध्ये एक ठोकलेली गाडी बघत होतो. एकोणतीस वर्षं विमा कंपन्यांसाठी मी हेच करतोय. नुकसान किती झालं आणि मालक खोटं किती बोलतो, याचा रिपोर्ट. मालक सांगत होता, रिक्षा अचानक आडवी आली. सगळ्यांच्याच रिक्षा अचानक आडव्या येतात. त्याला म्हटलं, साहेब, अचानक काही होत नसतं. आधीपासून कुरबुर असते, माणूस दुर्लक्ष करतो. तेवढ्यात मेकॅनिकनं शेजारी गाडी धुवायचा पाइप सोडला. त्या आवाजानं जरा ओलावा झाला. रुपयाच्या नाण्याएवढा. फार तर दोन नाणी.

कारण : बेज पँट. बेज रंगावर साधा घामसुद्धा दिसतो. काळ्या पँटवर हा प्रश्नच आला नसता, म्हणजे मुळात तो प्रश्नच नाही.

संकल्प : उद्यापासून काळ्या पँटी. बाहेर असताना पाणी बंद.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

काळी पँट. झकास दिसते. मीरा म्हणाली, कुणी गेलं का? बायकोला पोशाखातलं काही कळत नाही.

घाटकोपरच्या तीन गाड्या बघून एलबीएस रोडनं मुलुंडला परत. फुकटात कुणाच्या हॉटेलचं टॉयलेट वापरणं मला जमत नाही. फुकटे लोक मोबाइल कानाला लावून थेट आत शिरतात, जशी काही आत मीटिंग आहे. मी आधी बसतो, चहा मागवतो, मग उठतो. विक्रोळीच्या उडप्याकडे चहा. कांजूरला चहा. भांडुपला चहा. भांडुपच्या वेटरनं मला बघितल्याबरोबर आतल्या दाराकडे बोट केलं. लाजच नाही मेल्याला. मी मुद्दाम बसलो, चहा मागवला, बशीत ओतून सावकाश प्यायलो आणि मगच गेलो. त्यात थोडा उशीर झाला. पण पँट काळी होती.

घरी येईपर्यंत पाच चहा, पाच वेळा.

निष्कर्ष : उडप्यांच्या चहात पाणी फार असतं.

१७ नोव्हेंबर, रविवार

मीरा म्हणाली, अहो, एकदा डॉक्टरांना दाखवा ना. मी म्हटलं, काय दाखवू? म्हणाली, ते तुम्हाला माहीत. मला काहीच माहीत नाही म्हटलं. म्हणाली, मग चादर हल्ली रोज तुम्हीच का धुताय?

व्यायाम. सत्तावन्नाव्या वर्षी खांद्यांना हालचाल हवी.

डॉक्टर म्हणे! सोसायटीतल्या एकाला दाखवलं होतं असल्या डॉक्टरांना. त्यांनी आधी त्याला लिटरभर पाणी पाजलं आणि मग बाहेर बाकावर बसवून ठेवलं. हा धंदा आहे की सूड? लोकांच्या नळांवर बंगले बांधणारे प्लंबर सगळे. मी जाणार नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

दिशाचं लग्न ठरलं. म्हणजे तिनंच ठरवलं, आम्हाला फक्त कळवलं. मुलगा प्रबुद्ध हिवराळे, अंधेरीला तिच्याच ऑफिसात. वडील राजाराम हिवराळे, बेस्टचे रिटायर्ड ड्रायव्हर, राहायला घाटकोपरला पंतनगरात. मूळचे बुलढाण्याकडचे. आम्ही कणकवलीचे, ते बौद्ध. एवढं सांगून दिशा थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. मीरापण.

मी जात मानत नाही. फक्त नेमकं त्याच क्षणी मला उठावं लागलं. एक शब्द न बोलता तडक आत गेलो. घाईत दार आपटलं गेलं. आत सात मिनिटं लागली. हल्ली झालं असं वाटतं, नाडी बांधली की परत आहेच.

बाहेर आलो तर दिशा हुंदके देत होती आणि मीरा तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. दिशा म्हणाली, पप्पा, राग आला असेल तर तोंडावर ओरडा ना, पण असं उठून जाऊन दार नका आपटू. तुम्ही नाही म्हणालात तरी मी लग्न करणारच आहे, पण मग तुमच्याशिवाय करावं लागेल.

खरं कारण सांगण्यापेक्षा राग बरा. म्हटलं, मला विचार करायला वेळ हवा. आवाज चांगला भारदस्त लागला. बाप विचार करतोय हे घराला कळायलाच हवं.

पोरगी जेवली नाही. ते जरा लागलं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

मुलुंडच्याच हॉलवर चुलतभाऊ सर्वेशच्या मुलीचं लग्न.

सर्वेश सोवळं नेसून सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी पाटावर बसला तो साडेबाराला उठला. मी घड्याळ लावून बघत होतो. चार तास वीस मिनिटं! मुलीचा बाप म्हणून पूजा काय, पुण्याहवाचन काय, कन्यादान काय. भटजींना सहज विचारलं, यजमानाला मध्येच जायचं झालं तर? म्हणाले, कुठे? मी म्हटलं, म्हणजे फोनबिन आला तर. म्हणाले, संकल्प सोडला की उठायचं नसतं. उठलात तर पुन्हा पहिल्यापासून.

पुन्हा पहिल्यापासून. ही धमकी आहे, धर्म नव्हे.

आणि सर्वेश बसून होता ढिम्म. चेहऱ्यावर कसलीही काळजी नाही. काही माणसं देवानं निव्वळ पोतं म्हणून बनवलेली असतात.

थोरली बहीण जानकीताई खास कणकवलीहून आली होती. दिशाचं तिच्या कानावर गेलंय. मला लोणच्याच्या बरण्यांमागे ओढून म्हणाली, रे सुबोधा, चेडू खंय देतंस ता तू बघ, माका काय सांगू नको. पण कन्यादान आपल्या पद्धतीन होवक होया. ता झाला नाय तर मी लग्नाक येवचंय नाय.

ताईचा शब्द मी आजवर मोडलेला नाही. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. तिला हो म्हणालो आणि पळालो. म्हणजे गेलो.

चार तास वीस मिनिटं. सोवळ्यात. सोवळ्याखाली काही घालतात का, हे कुणाला विचारावं?

१ डिसेंबर, रविवार

पंतनगरला हिवराळ्यांकडे बोलणी. मी, मीरा, दिशा. काळी पँट. हातात पाण्याची बाटली.

बाटली हा माझा शोध. ती प्यायला नाही. कुठे ओलावा झालाच तर झाकण सैल करायचं, मांडीवर पाणी सांडायचं आणि मोठ्यानं अरेरे म्हणायचं. नुकसानीला कारण तयार ठेवावं, हे मला ग्राहकांनीच शिकवलंय. फरक एवढाच की ते फसवतात. मी खबरदारी घेतो.

राजाराम हिवराळे. धिप्पाड, पांढऱ्या मिशा, आवाज असा की मागच्या सीटपर्यंत जावा. पहिल्या पाच मिनिटांत त्यांनी आपलं बीपी, आपले गुडघे आणि आपलं प्रोस्टेट यांची आमच्याशी ओळख करून दिली. म्हणाले, साहेब, तीस वर्षं गाडी चालवली, ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर कुठं उतरणार? दाबून धरायचं. आता सगळे वायसर ढिले झालेत बघा. हे पोहे खाताना. माझ्या मुलीसमोर. घरात बोलायचं काय आणि चारचौघांत काय, हे काही माणसांना शेवटपर्यंत कळत नाही. त्यांच्या बायको, सुंदराबाई, नुसत्या हसत होत्या. त्यांनी आशा सोडली असावी.

बाटली सांडली. मग परत सांडली. दुसऱ्या वेळी राजारामांनी स्वतः उठून टॉवेल आणून दिला आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. ड्रायव्हर लोकांना आरशात मागचं बघायची सवय असते.

मग मुद्द्याचं. ताईला शब्द दिला होता, म्हणून मी परंपरेपासून सुरुवात केली. दिशा एकदम खाली मान घालून बसली. राजाराम म्हणाले, बघा साहेब, तुमचं मन मोडून काहीच नाही. आमच्याकडे काय, त्रिशरण, पंचशील, पोरापोरीची प्रतिज्ञा, हार घातले की झालं. आमचे बौद्धाचार्य चाळीस मिनिटांत मोकळं करतात.

मी म्हटलं, किती?

म्हणाले, चाळीस.

मी विचारलं, मुलीच्या बापानं कुठे बसायचं? म्हणाले, कुठं म्हणजे? खुर्चीवर. मी विचारलं, आणि मध्येच उठावं लागलं तर? म्हणाले, तर काय, जाऊन यायचं, परत बसायचं.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, लग्न बौद्ध पद्धतीनंच होईल. कन्या ही दान करायची वस्तू नाही.

हे वाक्य कुठून आलं मलाही ठाऊक नाही, पण फार वरच्या दर्जाचं आलं.  सुंदराबाईंनी पदर डोळ्यांना लावला. दिशा धावत आली आणि गळ्यात पडली, म्हणाली, पप्पा, इतकी वर्षं मी तुम्हाला ओळखलंच नाही. तिला मी जरा एका बाजूनं मिठी मारली. पँट ओली होती.

४ डिसेंबर, बुधवार

प्रबुद्धच्या काकांनी माझं वाक्य त्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं. खाली माझा फोटो. एकशे बारा लोकांनी हात जोडले. एकानं लिहिलंय, असे वधूपिता समाजाला हवेत. खरंय.

खोल विचार केला तर मी पहिल्यापासूनच असा होतो. फक्त संधी मिळाली नव्हती.

मीराला म्हटलं, बघ, सगळं जग हळू चाललंय आणि मी पुढे. म्हणाली, हो, तुम्ही नेहमी घाईतच असता.

८ डिसेंबर, रविवार

जानकीताईचा फोन. तासभर भांडली. म्हणजे ती तासभर, मी तीन हप्त्यांत. मध्ये मध्ये फोन मीराकडे देत होतो. ताई म्हणाली, तुका नाय जमणा तर सर्वेश बसतलो पाटार. मी म्हटलं, ताई, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. म्हणाली, तुझ्याकडे तत्त्व कधीपासना इला रे?

फोन ठेवला. अडाणी बाई. लग्नाला येणार नाही म्हणते. न येवो. समाजसुधारकाला आधी घरचेच सोडून जातात, पुस्तकांत असंच असतं.

रात्री तिचं लहानपणचं ओरडणं आठवलं. मी गादी ओली केली की आईला कळायच्या आत तीच चादर बदलायची. हे इथे का लिहिलं कुणास ठाऊक. खोडून टाकावं.

१८ डिसेंबर, बुधवार

गोष्टी आधीच करून ठेवाव्यात, वेळेवर धावपळ नको, म्हणून मोठ्यांचे डायपर आणले. मला नकोत. असावेत घरात. पाहुणे येणार आहेत.

मुलुंडमधले सगळे मेडिकलवाले मला ओळखतात, म्हणून बोरिवलीला गेलो. मुलुंडहून बोरिवली! जाताना दोन हॉटेलं, दोन चहा. काउंटरवर म्हटलं, वडिलांसाठी हवेत. पोरगी म्हणाली, कंबर? मी म्हटलं, माझ्याएवढीच. म्हणाली, चालते-फिरते आहेत का? मी म्हटलं, ठणठणीत. म्हणाली, मग पँटसारखे घ्या काका, ते स्वतःच चढवतील, बाहेर जाता येईल त्यांना. मी म्हटलं, ते बाहेर जात नाहीत, ते दोन हजार नऊला वारले.

घाईत निघून गेलं तोंडातून.  मागे रांगेतली बाई एक पाऊल मागे सरकली. मी पाकीट उचललं आणि निघालो.

हल्लीच्या पोरींना गिऱ्हाइकाशी कसं बोलावं कळत नाही.

५ जानेवारी, रविवार

वाट लागली.

दिशा कपड्यांच्या पिशव्या घेऊन आली. म्हणाली, पप्पा, आमच्या लग्नात सगळे पांढऱ्यात. मी पांढरी साडी, प्रबुद्ध पांढरा, दोन्ही घरचे आईवडील पांढरे. तुमच्यासाठी हा झब्बा-लेंगा. मलमलचा. इतका पातळ की त्यातून पलीकडचं कॅलेंडर वाचता येईल.

मी म्हटलं, मला काळा बरा दिसतो. म्हणाली, पप्पा, लग्नात काळा? मी म्हटलं, पुरोगामी माणसानं असल्या अंधश्रद्धा मानू नयेत. म्हणाली, पप्पा, प्लीज, ही एकच गोष्ट मागतेय.

तिनं आजवर काही मागितलेलं नाही, हे खरं. जे हवं ते ती घेतेच.

हो म्हणालो. चाळीस मिनिटंच तर आहेत.

१९ जानेवारी, रविवार

मीरा भाजीला गेल्यावर रंगीत तालीम. आधी डायपर, वर लेंगा. आरशात मागून बघितलं. बुडाला उशी बांधून पळून चाललेला चोर. शिवाय चालताना कागदासारखा आवाज येतो. नाही. मी काही त्या बस-ड्रायव्हरासारखा निर्लज्ज नाही.

पाकीट माळ्यावर ठेवलं, गणपतीच्या मखरामागे.

नवी योजना : ट्रेनिंग. शरीर हे नोकर आहे, मालकानं सवय लावली की लागते. सोसायटीच्या बागेत बाकावर बसून मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. लक्ष्य चाळीस. आज बावीस. बाविसाव्या मिनिटाला माळ्यानं नळ सोडला, नाहीतर तीस सहज झाली असती. उद्यापासून माळ्याला वेळ बदलायला सांगतो.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनाला सोसायटीत उभा होतो. अध्यक्षांचं भाषण. काय बोलतो हा माणूस, कशाला बोलतो, कुणासाठी बोलतो! माइक हातात आला की माणसाचं वय, शिक्षण, अक्कल सगळं गळून पडतं. ज्याला पाच मिनिटांत थांबता येत नाही त्याच्या हातात माइक देऊच नये.

मी चौदाव्या मिनिटाला तब्येत बरी नाही सांगून वर आलो.

ट्रेनिंगचा रेकॉर्ड : सव्वीस.

१ फेब्रुवारी, शनिवार

उद्या लग्न. घाटकोपरचा हॉल. परवा जाऊन पाहणी करून आलो. स्टेजवरून उतरलं की डावीकडे बत्तीस पावलं. दार ढकलायचं आहे, ओढायचं नाही. नोंद केली.

आज दुपारपासून पाणी बंद. चहा बंद. आमटीसुद्धा नाही, नुसती पोळी आणि सुकं. ओठ फुटलेत. मीरा म्हणाली, अहो, पाणी न प्यायल्यानं उलट जास्त जळजळतं, जास्त लागतं. हे कुठल्या वैद्यकशास्त्रात लिहिलंय विचारलं. म्हणाली, जगातल्या सगळ्या.

बायकांना सगळं माहीत असतं. फक्त सिद्ध करता येत नाही.

विधी साडेअकरा ते बारा दहा. मग जेवण. मी साडेबाराला मोकळा. चोख योजना. हिच्यात खोट काढून दाखवावी कुणी.

२ फेब्रुवारी, रविवार. स. ७

नऊ वेळा जाऊन आलो. आता आत काही शिल्लक असणं शक्य नाही. पांढरा लेंगा. अगदी एखाद्या नेत्यासारखा दिसतोय.

२ फेब्रुवारी, रविवार. सं. ८

क्रमानं लिहितो. रिपोर्ट असा लिहायचा असतो.

विधी साडेअकराला सुरू. समोर मेणबत्त्या, फुलं, दोन तसबिरी. बौद्धाचार्य शांत, स्पष्ट आवाजाचे. मी पहिल्या रांगेत खुर्चीवर. दिशाची प्रतिज्ञा म्हणून झाली तेव्हा तिनं वळून माझ्याकडे बघितलं. मी इतका चांगला बाप आहे असा तिचा चेहरा होता. बारा वाजून आठ मिनिटांनी सगळं संपलं, दोन मिनिटं आधीच. लेंगा कोरडा. जगात माझ्याइतकं नियोजन कुणालाही जमत नाही असं मनात आलं आणि मी उठलो. बत्तीस पावलं.

सातव्या पावलाला प्रबुद्धच्या काकांनी दंड धरला. म्हणाले, वधूपित्यांचा सत्कार. दोन मिनिटं फक्त. मी म्हटलं, आलोच. म्हणाले, सर, लोक थांबलेत. खरंच, तीनशे लोक टाळ्या वाजवत होते. माझ्यासाठी. गाड्यांच्या धंद्यात माझ्यासाठी आजवर कुणी टाळी वाजवलेली नाही.

स्टेजवर गेलो. शाल आणायला माणूस गेला होता. तोवर दोन शब्द बोला म्हणाले.

माइक हातात आला.

दोन शब्दांनी सुरुवात केली. टाळ्या. मग कन्या ही दान करायची वस्तू नाही. प्रचंड टाळ्या. मग परंपरा म्हणजे काय, यावर थोडं. मग माझा स्वतःचा वैचारिक प्रवास. मग माणसानं स्वतःशी प्रामाणिक असावं. काकांनी एकदा घड्याळाकडे बघितलं, मी दुर्लक्ष केलं. मीरा पहिल्या रांगेतून काहीतरी खुणा करत होती, वाटलं, भारावून गेली. नंतर कळलं, मी एकवीस मिनिटं बोललो.

विसाव्या मिनिटाला पोटाखाली कळ आली. आधी कुरबुर असते, माणूस दुर्लक्ष करतो. मी म्हणालो, शेवटी एवढंच सांगतो. हे मी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना सुरू झालं. थांबेना. गरम. डाव्या पायानं खाली. बाटली खाली खुर्चीजवळ. समोर तीनशे माणसं, लेंगा पांढरा, मलमलचा.

आवाज गेला. लोकांना वाटलं, गहिवरलो. टाळ्या.

तेवढ्यात राजाराम स्टेजवर. शाल आणणाऱ्याच्या हातातून त्यांनी ती ओढून घेतली. शाल खांद्यांवर घालतात. यांनी सरळ कमरेला गुंडाळली, समोर घट्ट गाठ मारली, माइक काढून घेतला आणि म्हणाले, आमचे व्याही लई भावुक झालेत मंडळी, त्यांना मी जरा हवेवर नेतो, तुम्ही जेवून घ्या. आणि बत्तीस पावलं मला बसप्रमाणे रेटत नेलं. दार त्यांनी ओढलं. मग मी म्हटलं, ढकला.

आत गेल्यावर मी काही बोलायच्या आत म्हणाले, व्याहीबुवा, पहिल्या दिवशीच ओळखलं होतं मी. माझ्या घरात बाटली दोनदा सांडली, पण फरशी कोरडी. मग आपल्या पांढऱ्या लेंग्यावर पाठीमागून चापट मारली आणि म्हणाले, चार वर्षं झाली घालतोय. आत्तापण आहे. बुलढाणा म्हणा, नागपूर म्हणा, मी कुठंबी जातो. बघा बरं, दिसतंय का काही?

बघितलं. दिसत नव्हतं. सकाळपासून हा माणूस माझ्या शेजारी बसला होता, उठून नाचलाही होता.

दार वाजलं. मीरानं फटीतून पिशवी आत दिली. तिच्यात दुसरा पांढरा लेंगा. इस्त्री केलेला. मी विचारलं, हा कधी घेतलास? बाहेरून म्हणाली, दिशानं आणला तसाच दुसरा मी आणून ठेवला होता अहो. तुमच्या सगळ्याच पँटी मी दोन दोन घेते. तीन वर्षं झाली.

दिशाचा आवाजही होता तिच्या मागे. काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. मी नळ सोडून ठेवला होता.

३ फेब्रुवारी, सोमवार

काल रात्री लिहिलेलं वाचलं. स्वतःकडे फार कमीपणा घेतलाय. प्रत्यक्षात शालीमुळे कुणाला काही दिसलं नसावं. व्हिडिओत तर मी शेवटी फारच प्रभावी दिसतो.

जानकीताईनं व्हिडिओ बघितला. फोन करून म्हणाली, भाषण बरा झाला, पण शेवटाक तुझा तोंड लहानपणासारखा झाला होता. एवढंच म्हणाली. मग विचारलं, कोण होतो तो शाल गुंडाळणारो? व्याही म्हटलं. म्हणाली, माणूस चांगलो दिसता. मेच्या आंब्यांका घेवन ये त्यांका.

दिशानं फोन केला नाही. नवी नवी आहे, वेळ नसेल.

५ फेब्रुवारी, बुधवार

डॉक्टरकडे गेलो. गेलो म्हणजे नेलं. उजवीकडे मीरा, डावीकडे राजाराम, मध्ये मी. रिसेप्शनवर राजारामांनी अख्ख्या वेटिंगरूमला ऐकू जाईल असं सांगितलं, हे आमचे व्याही, लघवीची केस आहे. समोरच्या बाकावरच्या सहा माणसांनी माना हलवल्या. सगळे काळ्या पँटीत.

डॉक्टर निघाली दिशाच्या वयाची. डॉक्टर श्वेता. म्हणाली, काका, हे कधीपासून? मी म्हटलं, दोन-तीन महिने, थंडीमुळे. तिनं मीराकडे बघितलं. मीरा म्हणाली, तीन वर्षं. तिनं तीन वर्षं लिहिलं. एकोणतीस वर्षं मी मालकाला विचारून मेकॅनिकचं लिहीत आलो.

तपासणीचं इथे लिहीत नाही.

म्हणाली, बरंच आटोक्यात येतं काका, गोळ्या आहेत, व्यायाम आहेत, तोवर बाहेर जाताना पॅड वापरायचे, त्यात काय. इतकी वर्षं का सोसलंत? मग विचारलं, तुम्ही काही लिहून ठेवता का? मी म्हटलं, रोजनिशी. नियमित. तिला आनंद झाला. म्हणाली, छान, मग आठवडाभर तीत फक्त एवढंच लिहा. वेळ, काय प्यायलात, लघवी किती झाली ते मापात मोजून, गळती झाली का, होय किंवा नाही, आणि तेव्हा काय करत होतात.

मी म्हटलं, कारणं?

म्हणाली, कारणं नकोत काका. मतंही नकोत.

६ फेब्रुवारी, गुरुवार

स. ६.१० लघवी १८० मिली. गळती : नाही.

स. ६.४० चहा, एक कप.

स. ७.२५ लघवी ९० मिली. गळती : थोडी. तेव्हा : बाथरूमची कडी काढत होतो. कडी जुनी आहे, सोसायटीनं

स. ७.३० वरच्या नोंदीतली कडी खोडली. थोडी हा शब्द खोडून होय केलं.

स. ९.०० पाणी, एक ग्लास. मीरासमोर.

स. १०.१५ पॅड घालून घाटकोपर. एक गाडी. उडप्याकडे थेट आत गेलो, काही न मागवता. लघवी मोजली नाही, माप घरी.

दु. १.४० लघवी १५० मिली. गळती : नाही.

सं. ५.१५ दिशाचा फोन. म्हणाली, आईनं डॉक्टरांचं सगळं सांगितलं. म्हणाली, पप्पा, एक विचारू, खरं सांगा. त्या दिवशी तुम्ही दार आपटून गेलात तो राग नव्हता ना? नव्हता म्हटलं. म्हणाली, आणि पंतनगरला हो म्हणालात ते चाळीस मिनिटं ऐकून ना? हो म्हटलं.  मी फोन कानाला लावून उभा. मग ती हसायला लागली. थांबेचना. हसता हसता प्रबुद्धला हाका मारून सांगायला लागली, तो हसायला लागला, मागून राजारामांचा आवाज. मग मलाही हसू आलं.

गळती : होय.

तेव्हा : हसत होतो.